न पुसलेलं पान

चुका काढणं हा माझा धंदा. लोक म्हणतात, स्वभावही तोच आहे. म्हणू देत बापडे. आमच्या 'ओसरी' कंपनीतून सिस्टीमची एकही आवृत्ती माझ्या सहीशिवाय बाहेर पडलेली नाही, आणि सही करायच्या आधी मी समोरच्याला रडकुंडीला आणते, हे निम्म्या कोल्हापूरला ठाऊक आहे. रुकैया तर म्हणते, "हर्षदा, तू स्वर्गात गेलीस तरी दाराची बिजागरी कुरकुरती म्हणून तक्रार करायला परत येशील."

तर त्या सकाळी घरी मी चहाचा कप बाजूला सरकवून पाटी उघडली, आणि पडद्यावर पाणी होतं.

फोटो नव्हे, चित्रही नव्हे. करडं, हलकं, पसरत गेलेलं पाणी. त्यात अर्धीच होडी. होडीच्या वर कुणाच्या तरी पाककृतीतले शब्द उलटे तरंगत होते, आणि या सगळ्यावर एका लहान मुलाच्या हाताची बाह्यरेषा, जणू कुणी पोर पाण्याला हात लावून बघत होतं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर सगळं विरलं, आणि माझं रोजचं पान समोर आलं. मी झाकण मिटलं, पुन्हा उघडलं. काही नाही. चहा गार होईपर्यंत मी उघडझाप करत बसले. आणि खरं सांगते, इतकी वर्षं चुका बघून पोट भरलेली बाई मी, पण एखादी चूक पुन्हा दिसावी असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

पाटी आता घरोघरी आहे, पण ती आली तेव्हा काय उलथापालथ झाली हे लोक विसरले. तळहाताहून थोडा मोठा, मिटता येणारा, बऱ्यापैकी कोल्हापुरी चपलेच्या भावात मिळणारा लॅपटॉप. त्याला बॅटरी नाही. झाकणावर एक पातळ पापुद्रा आहे, त्यावर उजेड पडला की यंत्र जागं, अंधार झाला की निजलं. कागदासारखा पडदा, डोळ्यांना न टोचणारा. पोरं शाळेत नेतात, भाजीवाल्या टोपलीत ठेवतात, एखादी पाण्यात पडली तर हळहळ फक्त आत लिहिलेल्याची होते.

आता ऑपरेटिंग सिस्टीमचं बघा. सिस्टीम म्हणजे घरातली ती बाई, जी सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांच्या नंतर निजते, कुणी कुठं बसायचं आणि किती वेळ बोलायचं हे ठरवते, आणि जिचं नाव पाहुण्यांना कधी कळत नाही. लॅपटॉप महाग होते तेव्हा तिची किंमत त्यात खपून जायची. यंत्रच चपलेच्या भावात आलं, तर आतल्या बाईला कोण काय देणार? परदेशातल्या बड्या कंपन्यांनी आधी नाकं मुरडली. त्यांच्या अवाढव्य सिस्टीम पाटीत मावतच नव्हत्या. मग त्यांनी हातपाय छाटलेल्या आवृत्त्या काढल्या, एका वेळी दोनच कामं करा, तिसऱ्याला हात लावू नका. मग त्याही फुकट वाटून टाकल्या. शेवटी आपल्या पाटीत कुणाची सिस्टीम आहे हे विचारायचंसुद्धा लोकांनी सोडून दिलं. नळाला पाणी आलं की कुणी विचारतं का, पाईप कुणी टाकला म्हणून?

या पडझडीत आमची ओसरी टिकली, कारण ती पहिल्यापासूनच बारीक अंगाची होती. ओसरी माझ्या थोरल्या भावाची, धैर्यशील शिंत्रेची. तिचा आतला गाभा लिहिला रुकैया मुजावरनं, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं. मी चुका काढायला. आणि पडद्यावरची अक्षरं दादाची. पाटीच्या भरड पडद्यावर मराठी अक्षरं चिरडल्यासारखी दिसायची. दादानं एकेक अक्षर हातानं काढून, घासून, पुन्हा काढून असं घडवलं की वाचताना डोळ्यांना विसावा मिळावा. त्याच्या 'र'ला खाली एक चिमुकली शेपटी आहे, ती जगात दुसऱ्या कुणाच्या 'र'ला नाही. आणि आमची एक हौस, प्रत्येक आवृत्तीला कोल्हापुरातल्या एका तळ्याचं नाव. तेव्हा 'कोटीतीर्थ' लोकांच्या हातात होती आणि 'कळंबा' माझ्या टेबलावर होती.

मी पाटी घेऊन तडक ऑफिसात रुकैयाकडे गेले. तिनं ऐकलं, डोळे मिटले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"पुसायचं राहिलंय गं," ती म्हणाली.

"काय राहिलंय?"

"पान."

मग तिनं समजावलं. जुन्या यंत्राची स्मृती वीज गेली की आपोआप कोरी व्हायची. पाटीची स्मृती चुंबकी. उजेड असो नसो, लिहिलेलं तसंच राहतं. म्हणून तर पाटी अर्ध्या शब्दावर निजते आणि उठल्यावर तिथूनच पुढं चालू लागते. पण जे आपोआप जात नाही ते मुद्दाम पुसावं लागतं, आणि पुसायला उजेड खर्चावा लागतो. ढगाळ दिवसांत पाटी रखडू नये म्हणून रुकैयानं पुसणं पुढं ढकललं. स्मृतीचं पान हातावेगळं झालं की तसंच ठेवायचं, नवीन काही लिहायच्या वेळी बघू. जन्मभर ज्या यंत्रांवर वाढलो ती बंद केली की साफ व्हायची. हाताला तीच सवय. आमच्याच धंद्यातला माणूस असा फसू शकतो, दुसरा कुणी नाही.

त्यात भर आमच्या 'शेजारधर्मा'ची. पाटीची स्मृती चिमूटभर. म्हणून जवळपासच्या पाट्या एकमेकींना जागा उसनी देतात. माझ्या पाटीत शेजारणीचं काही घटकाभर ठेवलेलं असतं, तिच्या पाटीत माझं. काम झालं की जागा परत. फक्त पुसलेली नसते. रात्रभर मिटलेल्या पाट्या रस्त्यावरच्या दिव्याच्या कवडशावरही ही उष्टी पानं अशी मागंपुढं करत राहतात, आणि सकाळी झाकण उघडलं की नवं पान यायच्या आधी क्षणभर ती सगळी एकावर एक दिसतात.

"म्हणजे ते पाणी…" मी म्हणाले.

"गल्लीतल्या कुणाकुणाचं असणार. होडी एकाची, हात दुसऱ्याचा. तुला आवडलं होय?"

"चूक आहे ती," मी म्हणाले. "आवडायचा प्रश्न कुठं येतो?"

रुकैया माझ्याकडे बघून गालात हसली. मग बिचारी लगेच दुरुस्तीला बसली.

पण आम्ही दुरुस्ती करेपर्यंत लोकांनी त्याचं बारसं करून टाकलं होतं. स्वप्न. पाटीला स्वप्नं पडतात! पहाटे रंकाळ्याच्या कठड्यावर माणसं रांगेनं बसू लागली. तळ्यावर धुकं, पलीकडचा काठ दिसत नाही, आणि इकडं सगळ्यांच्या मांडीवर मिटलेल्या पाट्या. सूर्य वर आला की झाकणं उघडायची. मग एकदम कुजबुज उठायची. "मला मोर दिसला, अर्धाच." "मला नुसते पाढे, पण पावसात भिजल्यासारखे." "मला माझ्याच आईचं अक्षर दिसलं गं!" अनोळखी माणसं एकमेकांना काय दिसलं ते सांगत बसायची आणि कामाला उशीर करायची. मीही जायची. तपासणीसाठी, असं सांगून जायची.

दादा तर हवेत होता. "हर्षदा, लोक दुकानात जाऊन म्हणतात, ओसरीवाली पाटी द्या! ओसरीवाली! सिस्टीमचं नाव घेऊन यंत्र मागतात. हे आता जगात कुणाच्या नशिबी आहे सांग?"

ते खरंच होतं. पाट्या बनवणाऱ्या कारखान्यानं निरोप धाडला, पुढच्या सगळ्या पाट्यांत ओसरीच घालू, पण स्वप्नांसकट. नसतील तर फुकटातल्या सिस्टीम काय कमी आहेत? 'कळंबा' स्वप्नांसकट बाहेर पडली तर ओसरी जगणार होती. स्वप्नं पुसून पडली तर आमचा गाशा गुंडाळायची वेळ. आणि मधे माझी सही.

"चुकीवर मी सही करत नाही," मी म्हणाले.

"ही चूक नाही, वरदान आहे."

"दुसऱ्याच्या घरातलं उचलून आणलेलं वरदान. मला होडी दिसती, पण ती कुणीतरी काढलेली आहे, दादा. त्यानं मला दाखवली नव्हती."

"दोन रेघा दिसतात गं. कुणाचं काय कळतंय त्यातून?"

काय कळतंय ते पुढच्याच आठवड्यात गारगोटीची एक मुलगी सांगायला आली. मनस्वी तिचं नाव. ठरलेलं लग्न तिला मोडायचं होतं. होणाऱ्या नवऱ्याला काय सांगायचं ते ती पाटीवर लिहून बघत होती, खोडत होती, कुणाला पाठवलं नव्हतं. सकाळी शेजारच्या काकांनी झाकण उघडलं. तिचं नाव आणि चार शब्द. तेवढे पुरले. दुपारपर्यंत आळीभर झालं.

तिनं आरडाओरडा केला नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत एवढंच म्हणाली, "मी सांगणारच होते हो. पण माझं मी. माझ्या तोंडानं."

दादानं तिची हात जोडून माफी मागितली, अगदी मनापासून. ती गेल्यावर मात्र म्हणाला, "लाखात एखादं असं होणार." मी त्याला नाही नाही ते बोलले. तोही बोलला. आमच्या आवाजानं रुकैया दार लावून घ्यायला आली आणि तशीच परत गेली. त्यानंतर आम्ही बहीणभाऊ एकमेकांशी रुकैयामार्फत बोलू लागलो. "दादांना सांग, पंख्याचं बटण तिकडं आहे." असलं.

आणि त्याच दिवसांत माझी स्वप्नं बदलली.

आधी एक जाड काळी कमान दिसली, पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मला वाटलं, कुणीतरी पूल काढतंय. दुसऱ्या सकाळी एक उभा दांडा. मग एकदा नुसतं काळंच काळं आणि कोपऱ्यात पांढरी फट. हल्ली माझी पाटी रात्री ऑफिसातच असायची, तिच्या आसपास दोनच पाट्या, रुकैयाची आणि भिंतीपलीकडे दादाची. रुकैया असलं काही काढत नाही. मी रोज जरा लवकर जाऊ लागले. धुक्यात चालत गेल्यासारखे ते आकार अंगावर यायचे आणि विरायचे.

मग एका सकाळी त्या काळ्या दांड्याच्या खाली एक चिमुकली शेपटी दिसली. चिमुकली कसली, माझ्या अंगठ्याएवढी! 'र' होता तो. दादाचा 'र'. अख्ख्या पडद्यावर एकच अक्षर मावेल एवढा मोठा.

एवढं मोठं अक्षर माणूस कशाला काढेल?

मी खुर्चीत तशीच बसून राहिले. एकेक गोष्ट आपणहून येऊन शेजारी बसू लागली. दादा हल्ली काहीही आलं की म्हणायचा, "रुकैया, वाचून दाखव, मला ऐकायला बरं वाटतं." चहा ओतताना कपाच्या काठावर बोट धरून ठेवायचा. जिन्यावर मी हात पुढं केला तर झिडकारायचा. आणि मी, जिला बिजागरीची कुरकुर ऐकू येते, तिला हे दिसलं नव्हतं. भावाची चूक काढायच्या नादात भाऊच बघायचा राहिला. मी रडले. रुकैया पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिलाही नक्की माहीत नव्हतं, पण शंका होती म्हणे.

संध्याकाळी मीच अबोला मोडला. "दादा, रंकाळ्यावर येतोस?"

कठड्यावर बसलो. ऊन तळ्यावरून सरकत पलीकडे चाललं होतं, पाण्यावर तांबूस साय धरली होती. भेळेच्या गाड्यांवरून चिंचेचा वास येत होता. मी पिशवीतून एक पाटी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. तीत रुकैयानं दुरुस्त केलेली 'कळंबा' होती. उघडल्यावर क्षणभर पान पुसलं जातं, पडदा पांढराशुभ्र राहतो आणि मगच काम सुरू होतं.

"उघड," मी म्हणाले. "काय स्वप्न पडतंय बघू."

त्यानं झाकण उघडलं. पडदा कोरा. त्याची नजर त्याच्यावर, जरा बाजूला, जरा वर.

"वा!" तो म्हणाला. "पाणी आहे गं. करडं. अर्धी होडी… आणि एक हात. लहान पोराचा."

माझंच स्वप्न होतं ते. पहिल्या दिवशी मी रुकैयाला सांगत होते तेव्हा त्यानं भिंतीपलीकडून ऐकलेलं. ज्या स्वप्नांसाठी तो माझ्याशी भांडला त्यातलं एकही त्यानं पाहिलेलं नव्हतं. लोकांच्या तोंडून ऐकून ऐकून त्यानं ती साठवली होती.

"दादा," मी म्हणाले, "पाटी पुसलेली आहे. तिच्यावर काही नव्हतं."

तो झाकण मिटून त्यावरून हात फिरवत राहिला. समोर एक बदक पाण्यात बुडी मारून पार दुसरीकडं वर आलं.

"कुणी सांगितलं?"

"तुझा 'र' आला होता माझ्या पाटीवर. पडदाभर."

तो भडकला. मान, कान सगळं लाल. "तुला काय अधिकार गं? मी सांगणारच होतो! माझं मी सांगणार होतो, माझ्या तोंडा…"

आणि तिथंच थांबला. त्यालाही ऐकू आलं. गारगोटीची ती मुलगी आमच्या दोघांच्या मधे कठड्यावर येऊन बसल्यासारखी झाली.

मग तो सांगू लागला. नजरेच्या मधोमध धुकं साचलंय. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणतात, हे धुकं वाढतच जाणार, आणि जे नवे इलाज आलेत ते त्याच्या दुखण्याला लागू पडत नाहीत. अक्षरं मोठी करून करून काम चाललं होतं. "आता एकच मावतं पडद्यावर," तो म्हणाला. "वाटलं होतं, ओसरीचं नाव वाचता येईनासं होईल, पण लोकांच्या तोंडून ऐकता तरी येईल. दुकानात उभं राहून ऐकलंय मी, हर्षदा. ओसरीवाली द्या म्हणतात. किती गोड वाटतं ते."

मी त्याचा हात धरला. या वेळी त्यानं झिडकारला नाही.

"आणि तरी तू सही करणार नाहीस," तो म्हणाला.

"तू म्हणालास तर करेन." हे मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा. आणि मनापासून म्हणाले. तो म्हणाला असता तर त्याच दिवशी चुकीवर सही केली असती, मग रुकैया काय म्हणेल ते म्हणो.

दादा तळ्याकडे तोंड करून बसला होता. त्याला तिथं काय दिसत होतं देव जाणे.

"पूस," तो म्हणाला.

'कळंबा' पुसलेल्या पानांची निघाली. दादानं स्वतः मनस्वीला फोन करून तसं कळवलं. कारखान्यानं दुसऱ्याची फुकटातली सिस्टीम घेतली. पहाटेची कठड्यावरची गर्दी पांगली, काही दिवस लोक हळहळले, मग विसरले. ओसरी आता दोन खोल्यांत आहे. तीत रुकैया, मी आणि दादा, आणि आम्ही बोलणारी पाटी करतोय, जी मालकानं सांगितलं तेवढंच आणि त्याच्याच कानात बोलते. चालेल की नाही ठाऊक नाही. चुका तर रोज ढिगानं निघतात, त्यामुळं मी मजेत आहे.

संध्याकाळी मात्र आम्ही दोघं रंकाळ्यावर जातो. मी पाटी उघडते, पडदा क्षणभर पांढरा होतो, आणि दादा विचारतो, "आज काय?"

पहिल्या दिवशी मी खरं तेच सांगितलं होतं, "काही नाही, कोरं आहे."

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यास," तो म्हणाला, "आता एखादी स्वतः कर की!"

तेव्हापासून करते. काल त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "पाणी आहे. त्यात होडी."

"अर्धी?"

"नाही, आज सबंध आहे. आत एक चिडकी बाई बसली आहे, आणि तिचा भाऊ वल्हवतोय."

"त्याला दिसतंय का, कुठं चाललाय ते?"

"नाही. पण ती सांगती आहे ना, इकडं वळ, तिकडं वळ."

"मग बुडाले दोघं," दादा म्हणाला आणि खदखदून हसला.

मी पाटी मिटून पिशवीत टाकली. आम्ही उठलो, आणि पायऱ्या आल्या तसा त्यानं न सांगता माझा दंड धरला.